खिडकीवरचा पुठ्ठा

मंगळवार, संध्याकाळ

निघोज्याला जाऊन आले. कामगारांसाठी आम्ही बांधलेल्या घरांत माणसं राहायला आलीत आणि मला वास्तुरचनेच्या स्पर्धेसाठी फोटो हवे होते. जोतं उंच घेतलं ते बरं झालं, यंदा पाणी शिरलं नाही. छपरंही तापत नाहीत. पण पूर्वेची मोठी खिडकी, जिच्यावर मी सगळ्यात जास्त डोकं लावलं, ती पहिल्याच घरात बंद. कंपनीतल्या खोक्याचा पुठ्ठा, चारी कडांना चिकटपट्टी लावून बसवलेला.

घरातली बाई लातूरकडची. दारातच म्हणाली, "हळू बोला मॅडम. नाइट करून आलेत, आत्ताच डोळा लागलाय." मग तिनेच विचारलं, "फोटोसाठी पुठ्ठा काढू का? परत लावता येतंय."

नको म्हटलं. फोटो काढलाच नाही.

वाईट वाटायला हवं होतं का? तसं काही वाटलं नाही. उजेड नको पण वारा हवा, म्हणजे बाहेरून लाकडी झडपा द्याव्या लागतील. उद्या कागदावर काढून बघते.

फक्त तो पुठ्ठा डोक्यातून जात नाहीये. कारण बाई "हळू बोला" म्हणायच्या आधीच मी कुजबुजत होते, चपला हातात घेऊन. पुठ्ठा बाहेरूनच दिसला होता ना. आकुर्डीच्या आमच्या खोलीत पप्पांची नाइट असली की खिडकीवर चादर असायची, आणि आम्ही भावंडं दिवसभर अशीच वावरायचो.

मोठ्या खिडकीचं घर बांधायचं, हे मी त्या चादरीमागच्या अंधारातच ठरवलं होतं.