आधी रेघ, मग अक्षरं

१४ नोव्हेंबर, दुपार
स्वयंपाकघरातल्या टेबलावरून

चि. ........ सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. चि.च्या पुढं सौ. लिहावं का नको ते कळेना, म्हणून जागा सोडली आहे. तुला योग्य वाटेल ते तू भर. आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे माझे गुडघे सोडून. पत्र बघून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ तूच नीट करून घे, शिकवणारी तूच होतीस.

आधी मजा सांगते. तुझ्या लेकीनं मला पडद्यावर आणलं! मला म्हणजे माझ्या अक्षराला. ती घरी बसून कॉम्प्युटरवर अक्षरं हलवते. हे काम असतं बरं का, मला इतके दिवस वाटायचं पोरगी खेळते आहे. मुलांचा कुठलासा कार्यक्रम आहे, 'घसरगुंडी' नावाचा. ते नाव कोणीतरी हातानं लिहितंय असं उमटायला हवं, आणि तेही घसरगुंडीच्या वळणावरून खाली येत. छापील अक्षर नको म्हणाले. तर ही माझ्याकडे आली.

"आजी, तुझं अक्षर दे."

"अगं, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

"तेच हवंय."

सूनबाई, जन्मभर लोकांनी माझ्याकडे चहा मागितला, अक्षर कोणी मागितलं नव्हतं. मी चष्मा पुसून, तोंड धुऊन बसले लिहायला. फोटो काढायचा असल्यासारखी!

ती पडद्यावर एक वळणदार रेघ काढते. अक्षरं तिच्यावर सोडली की मुंगळ्यांसारखी एकामागून एक चालू लागतात. पण पहिल्या दिवशी फजिती झाली. प्रत्येक अक्षर आपापलं छप्पर डोक्यावर घेऊन आलं आणि वळणावर त्या छपरांमध्ये फटी पडल्या. भूकंप झालेली चाळ नुसती. पोरगी दोन दिवस डोकं धरून बसली. मी भाजी निवडता निवडता सहज म्हटलं, "छप्पर प्रत्येकाला कशाला? आधी रेघ ओढ, मग अक्षरं टांग. दोरीवर कपडे वाळत घालतो तशी."

तिनं माझ्याकडे असं बघितलं! मग सगळ्यांच्या डोक्यावरची छपरं काढली आणि ती वळणदार रेघच वरची रेघ केली. अक्षरं खाली लोंबायला लागली, आणि काय सांगू, सरसर सरसर निघाली की. एक फट नाही. मी टाळ्या वाजवल्या. तिनं माझा गालगुच्चा घेतला. "आजी, कोणी गं शिकवलं तुला असं?"

मी म्हटलं, "कोणी नाही. असंच."

तुला आठवतं का? ह्याच टेबलावर, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. दुपारची भांडी झाली की तू मला बसवायचीस. "आई, आधी रेघ, मग अक्षरं." माझी अक्षरं नाही टांगली गेली, सुटून खाली पडली, की म्हणायचीस, "ढ विद्यार्थीण, वाऱ्यानं कपडे उडाले!" बाकीच्या सासवा सुनेला शिकवतात, आमचं उलटं. मी चाळीस वर्षं अंगठा उठवत होते, तू चार महिन्यांत मला सही दिलीस. आणि तुझा तो र. पायाशी गाठ मारलेला, जणू बुटाची नाडी बांधलीय. मी तो तस्साच उचलला. माझं स्वतःचं असं अक्षरच नाही गं, जे आहे ते तुझं आहे.

पुढचे तीन आठवडे ती तोच र गिरवत होती. हात आधी कुठं जातो, मग कुठं वळतो, त्याच क्रमानं पडद्यावर रेषा उमटवावी लागते म्हणे. "आजी, गाठ उजवीकडून का डावीकडून?" मी दाखवायची, ती करायची. तुझा हात तिच्या हातात येत होता आणि तिला पत्ता नव्हता. मला मात्र होता. मी हसत होते, आणि तिच्यापासून नजर चोरत होते.

आता लिहिते. आतापर्यंत मी मुद्दाम इकडचं तिकडचं लिहीत बसले.

मागच्या सोमवारी ती बटण शोधायला शिलाई मशीनच्या खणात हात घालून बसली. मी म्हणेपर्यंत की थांब, मी देते, तिच्या हातात पाकीट. वर लिहिलेलं, 'माझ्या भिंगरीस'.

"आजी, हे तू लिहिलंस? पण पत्ता आपलाच आहे. आपणच आपल्याला पत्र लिहितं का कोणी?"

'हो' माझ्या ओठांवर आलं होतं. खरं सांगते, आलं होतं. पण ती उठून पाकीट खिडकीशी घेऊन गेली, त्या र कडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "तुझा र थरथरतो. हा थरथरत नाही. हा कोणाचा आहे?"

अकरा पत्रं, सूनबाई. दर वाढदिवसाला एक. सगळी मी त्या खणात लपवली. माझ्या मुलाला ह्यातलं काही ठाऊक नाही, हे पाप माझ्या एकटीचं. नोकरीच्या गावी खोली मिळाली की पोरीला नेते, असं तू हे घर सोडताना म्हणाली होतीस. तेव्हा ती पाच वर्षांची होती. ती गेली तर ह्या घरात काय उरलं असतं? भांडी आणि मी. पहिलं पत्र लपवलं तेव्हा वाटलं, एकच तर आहे. मग पहिलं लपवलं म्हणून दुसरं लपवावं लागलं. "आई का लिहीत नाही?" विचारायची, तेव्हा मी म्हणायचे, "कामात असेल." पुढं तिनं विचारणं सोडलं. मला हायसं वाटलं. हेही लिहून टाकते.

तू दिलेल्या अक्षरांनीच मी तुझी पत्रं वाचली. अडाणी राहिले असते तर निदान कळलं नसतं की काय लपवते आहे. शेवटच्यात तू लिहिलंस, 'ह्यालाही उत्तर नाही आलं तर मी समजेन की तिला मी नको आहे. यापुढं त्रास देणार नाही.' नऊ वर्षं झाली. ते वाचून मी कुकर लावला.

तिनं सगळी पत्रं वाचली त्याला आज अकरावा दिवस, पोरगी माझ्याशी बोलत नाही. ताट नेलं तसं परत येतं. कामाचं सगळं बंद आहे. पडद्यावर फक्त 'भिंगरी' लिहिलं जातं, तुझ्या पाकिटावरून उचललेलं. वळणावरून येतं, गाठीपर्यंत पोचतं, पुसलं जातं. पुन्हा येतं. मी दारातून बघते. दिसतं इतकं सुंदर गं, आणि बघवत नाही.

काल मी दारातच बसून राहिले. म्हटलं, "तू लिही ना आईला."

"कुठल्या तोंडानं? तिला वाटतंय मी नको म्हटलं. गाठ तू मारलीस, तूच सोड." एवढंच बोलली आणि दार लावून घेतलं.

मला सोडता येत नाही, सूनबाई. माझ्या बोटांत तेवढा जोरच नाही. मला माफ कर असं मी म्हणणार नाही, तेवढी लाज आहे. मला शिव्या दे, दारात उभी राहून दे, मी ऐकेन. पण ती जेवत नाही गं. पाकिटाच्या मागं तुझा जो जुना पत्ता आहे त्यावरच पाठवते. पाकिटावर पोस्टमनसाठी लिहिलं आहे की बाई तिथं राहत नसतील तर शेजारी विचारा, परत आणू नका.

उद्या मी दार वाजवून तिला सांगणार आहे की पत्र टाकलं. तिनं उघडलं नाही तरी सांगेन.

खालचा अर्धा कागद कोरा ठेवला आहे. त्यावर मी एक रेघ ओढली आहे. हात थरथरतो म्हणून वळण आलं, मुद्दाम नाही. अक्षरं तू टांग. जास्त नको, तिला मारायचीस ती हाक एवढीच, आणि कागद फाडून पाठव. र ची गाठ विसरू नकोस. तिला तेवढ्यावरून कळेल.

सासू म्हणून सही करायला हात धजत नाही.

तुझी,
ढ विद्यार्थीण