हिरडीचा निरोप

माय,
पाया पडतो. जालन्यात मी मजेत हाय, दोन टाइम बराबर जेवून राह्यलो. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहिलं.

तुझी साखर वाढली तेव्हा "चोरून पेढे खातीस" म्हणून मी ओरडल्तो. तू रेणुकामातेची आण घेतलीस, तरी फोन आपटला. चुकलो, माय.

आमच्या लॅबमधल्या आयुषीनं तुझा रिपोर्ट पाहून विचारलं, "आईंचे दात बरे आहेत ना?" मी म्हणलं, हिरडी सुजलीय, ठणकली की मिसरी लावते. ती म्हणाली, "हिरडीत पू झाला की अंगातल्या राखणदार पेशी रक्तातून निरोप धाडतात. त्या आरडाओरड्यात साखर जिरवणाऱ्या इन्सुलिनचं कुणी ऐकत नाही." पोटाची चरबीबी असेच निरोप धाडते म्हणे. अण्णांना हे मोठ्यानं वाचून दाखव.

कॉलेज सोडलं नसतं तर हे मला आधीच कळलं असतं. पण मंग या लॅबात कामाला लागलो नसतो, अन् आयुषी भेटली नसती.

सोमवारी इथल्या दाताच्या डॉक्टरकडं तुझा नंबर लावलाय. मिसरी बिलकुल बंद, साखरेची गोळी चालू ठेव. हिरडी अजून ठणकते का?

दवाखान्यात आयुषीबी येणार हाय. तिला घरचं-दारचं विचारू नको. अजून मी तिला काहीच बोललो न्हाई.

तुझा तापट,
परमू