ओसरीवरचा संप

सोम., ता. ७
संप सुरू. जिल्ह्यातल्या समद्या खेड्यांतल्या पोस्टमास्तरांचा. मागणी एकच, नोकरी कायम करा. पोस्ट माझ्याच ओसरीवर, सरकार जागा देत नाई. तर मंग संपावर जाऊ कुठं? दाराले संपाची पाटी लावली, अन् पाटीमागं बसलो.

मंगळ., ता. ८
टपालाची पिशवी आली नाई. म्हंजे आदिलाबादले बी बंद. बरं वाटलं.
शेजारच्या शांताबाई आल्या. "काऊन मास्तर, पोरीचं पत्र?" म्हटलं, संप हाय. "कोनाशी भांडून राह्यले?" मी पाटी सरळ केली.

बुध., ता. ९
कोणीच नाई. पाटील, शाळेचे गुरुजी, रोज ओसरीवर टेकायचे. पत्रासाठीच येत होते म्हणा. एरवी बुद्धवाड्यात त्याईचं काय काम? बायको गेली तवापासून घरात तेवढाच आवाज होता. लय एकटं वाटते.
राजन्ना आठवला. युनियनचा सेक्रेटरी, तेलुगू माणूस. मागच्या मीटिंगले खांद्यावर हात टाकून मनला, "तुम अकेला नहीं, मास्टर. हम हैं." त्या एका बोलावर संपात उतरलो मी.

गुरु., ता. १०
दुपारच्या बसनं कंडक्टरनं पिशवी टाकली! लाखेची मोहर लावलेली. म्हंजे आदिलाबादले कोणीतरी फुटलं. हरामखोर साले. पिशवी कोपऱ्यात ढकलली. मोहर तोडणार नाई.

शनि., ता. १२
तीन पिशव्या झाल्या. शांताबाई त्याईच्याकडं पाहत बसल्या. "उघडा ना मास्तर, पोरगी दिवसात हाय माही." म्हटलं, उघडली तर राजन्नाले काय तोंड दाखवू? उठून गेल्या.
युनियनचा निरोप नाई. मोर्च्यात असतील समदे. संगं असतील.

सोम., ता. १४
इन्स्पेक्टरसाहेब जीपनं आले. पाटी पाहून हसलेच. "हडताल तो बुध कोच खतम हो गई, मास्टर. तुमको कोई बोला नहीं?"
कोण बोलणार? पोस्टमास्तरले निरोप पोस्टानंच येते ना! साहेबानं मोहर तोडली. गुरुवारच्या पिशवीत वरच होता, छापील तेलुगू कागद. साहेबानंच वाचून दाखवला. संप मिटला, कामावर या. खाली राजन्नाची सही, ते बी छापील. बसनं दीड तासाचा रस्ता. एक माणूस धाडता आला नसता? इसरले मले. सरळ इसरले.
शांताबाईले पत्र दिलं. पोरगी बाळंत झाली, दोघंबी खुशाल. त्या रडल्या. मले बी रडू आलं, पण माझं दुसरंच होतं.
जाता जाता साहेब मनले, "बुखार था, लिखके दो. नहीं तो नौकरी गई."

मंगळ., ता. १५
दोन कागद लिहिले. एकात ताप, एकात संप. तापाचा धाडला तर नोकरी राह्यते. पण मंग गुरुवारपासून मी कोणासाठी बसलो होतो? संपाचा धाडला तर युनियनले कळंल की एक माणूस इथं अजून संपावर होता. कळलं तरी कोण येते...
पाटी काढली. सकाळीच पाटील आले, तंबाखू मळत टेकले. "काय मास्तर, उतरला काय ताप?" साहेबानं गावभर सांगून ठेवलं.
म्हटलं, "पाटील, मी बिमार नवतो. मी संपावर होतो."
"बरं, बरं. जपा जीवाले." पत्र घेतलं अन् गेले.
बस दोनले येते. पिशवीत अजून कोणताच कागद टाकला नाई.