सहाव्या गाण्यातला खोकला

३ जून

मानवजातीचा ऱ्हास नेमका कधी सुरू झाला, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. माझ्या मते, कम्प्युटरमधला सीडीचा खण काढून टाकला त्या दिवशी! नवा कम्प्युटर आणला, चारी बाजूंनी चाचपला, उपडा करून पाहिला. खण नाही! दुकानदाराला विचारलं, तर त्याने असं बघितलं, जणू यात कोळसा कुठून घालायचा असं मी विचारलं होतं. "काका, सीडी आता कोण वापरतं?"

काका! मिशी पांढरी झाली की माणूस लगेच काका होतो.

४ जून

कम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडून बाहेरून जोडायचा जुना खण मिळाला. घुर्र आवाज करतो, पण चालतो.

बायको म्हणाली, "आठ सीड्या. तीच गाणी फोनवर आहेत, तीही फुकट."

तिला समजावलं. फोनवरचं गाणं दाबून, पिळून आलेलं असतं. मी करतोय ती नक्कल अशी, की मूळ सीडीतला कणही गळणार नाही.

"अस्सं? मग मी सांगितलेल्या सामानातलं निम्मं दुकानात जाईपर्यंत गळतं, ते कसं?"

या घरात शास्त्राला वाव नाही.

७ जून

पहिला अल्बम कम्प्युटरवर उतरवला. आणि तपासला! नुसतं उतरवणं कुणीही करेल. प्रत्येक गाण्याचा एक लांबलचक आकडा निघतो. गाण्यात तिळाएवढा फरक पडला तरी आकडा बदलतो. जगभरचे माझ्यासारखे रिकामटेकडे आपापले आकडे इंटरनेटवरच्या एका तक्त्यात पाठवतात. आपला जुळला की समोर हिरवी खूण, नाही जुळला की लाल.

सगळी हिरवी! तीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्या, पण इतकं स्वच्छ प्रूफ कधी पाहिलं नव्हतं. मिशीला पीळ दिला.

१२ जून

सात अल्बम झाले. हिरवेगार शेतच! छापखान्यातल्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "छान, छान," आणि खिडकीबाहेर बघत राहिले. गाढवाला गुळाची चव काय!

१३ जून

आठवा — काळ्या कव्हरचा. माझा सगळ्यात लाडका.

सहावं गाणं लाल.

१४ जून

चष्म्याच्या कापडाने पुसला. लाल. साबणाच्या पाण्याने धुतला. लाल. बायको म्हणे, "एका गाण्याने काय बिघडतं?" एका खिळ्याने टायरचं काय बिघडतं, तेच! एक लाल खूण राहिली तर हा संग्रह नव्हे, नुसता ढीग.

१५ जून

ही सीडी घेतली तेव्हा बरोबर ढोल्या होता. वर्गात बाकावर सतत ताल धरायचा, म्हणून ढोल्या. अल्बम आला त्याच दिवशी दुकानात धडकलो. दोनच नग होते — एक त्याने उचलला, एक मी.

आठवड्याने येऊन म्हणाला, "सहाव्या गाण्यात गिटार सुरू व्हायच्या आधी कुणीतरी खोकतं."

"तुझा शेजारी खोकत असेल."

"हेडफोन लावून ऐकलंय, शहाण्या!"

पैज लागली. हरेल त्याने मिशी उतरवायची. दोघांनाही नुकती कुठे फुटली होती, म्हणजे जिवावरचीच पैज! माझ्या खोकड्या स्पीकरवर काही ऐकू येईना, आणि त्याच्या हेडफोनला मी हात लावेना. हरण्याची भीती नव्हती. तत्त्व होतं!

मग तो नोकरीसाठी लांब गेला. पत्ते बदलले, नंबर बदलले. आम्ही भांडलो नाही. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. नुसतंच पातळ होत गेलं.

१८ जून

दुरुस्तीवाल्याकडचे आणखी दोन खण आणून पाहिले. पुन्हा लाल. पण मजा अशी — तिन्ही वेळा आकडा तोच! ओरखडा असता तर दर वेळी वेगळं काहीतरी निघालं असतं. म्हणजे वाचन बरोबर आहे. सीडीच जगापेक्षा वेगळी आहे!

नवे हेडफोन बायकोच्या कानावर चढवले. तिचे कान माझ्यापेक्षा तिखट. शेजारच्या घरात भांडण सुरू झालं की मला तिच्याकडूनच कळतं. सहावं गाणं लावलं.

"गिटारवाल्याला आधी औषध द्या कुणीतरी."

"काय?"

"खोकला ना तो. ऐकू नाही आलं?"

मी ऐकलं. पुन्हा ऐकलं. अगदी बारीक. मूठ तोंडावर धरून खोकल्यासारखा.

१९ जून

त्या तक्त्यावाल्यांच्या इंटरनेटवरच्या चर्चा-मंचावर लिहिलं — माझ्या प्रतीत सहाव्या गाण्याआधी खोकला आहे. एका जुन्या जाणकाराचं तासाभरात उत्तर आलं: पहिल्या थोड्या प्रतींत तो राहून गेला होता, कंपनीने लगेच त्या मागे घेतल्या आणि खोकला कापून पुन्हा छापल्या. अशी प्रत कुणाकडे उरली असेल, असं त्याला वाटलं नव्हतं. माझा आकडा तक्त्यात वेगळा नोंदवला. समोर जुळलेल्या प्रती: एक. म्हणजे मीच.

सगळ्या जगाच्या प्रुफात गाळलेलं एक अक्षर माझ्या कपाटात सुखरूप! आज चालताना छाती दोन बोटं पुढे होती. बायको म्हणाली, "दारात अडकशील."

जेवताना मात्र हात सारखा मिशीकडे जात होता.

२६ जून

तक्त्यात माझ्या आकड्यासमोर एकाच्या दोन प्रती झाल्या. सहावं गाणं हिरवं! आठही अल्बम पूर्ण.

मंचावर माझ्या मजकुराखाली कुण्या निनावी सभासदाचं उत्तर. मराठी अक्षरांत, एकच शब्द —

"मिशी?"

उतरवली. फोटो पाठवला.