आईने घातलेलं वाक्य

मंगळवार, संध्याकाळ

बाबा केळीवर संशोधन करायचे. फावल्या वेळात त्यांनी कादंबरी लिहिली, तापीपलीकडे जैनाबादला वसलेल्या आदर्श शहराची. मूळ कागद वाळवीने खाल्ले. उरली ती आईने उतरवलेली प्रत. आज ती छापायला द्यायची म्हणून टाइप करताना एका वाक्याला अडले: ‘इथे संध्याकाळची भांडी पुरुष घासतात.’ बाबांनी तर कधी कपसुद्धा विसळला नाही.

आईला विचारलं. म्हणाली, “मीच घातलं. त्यांनी वाचलं, खोडलं नाही.”

जेवताना दादा म्हणाला, “हटव ती लाइन. बाबांची थोडीच आहे?”

हटवू? त्या अख्ख्या शहरात आईची म्हणावी अशी तेवढीच जागा. भांड्यांचं वाक्य राहणार, आणि मुखपृष्ठावर नावंही दोन.

दादा ताट तसंच ठेवून उठला. मी उचललं नाही.