खोक्यातले दोन आकडे

प्रिय अहो,

नाव घेऊन तुम्हाला कधी हाक मारली नाही, आता पत्रात तरी काय मारणार! पण आज लिहायलाच हवं. आज सकाळी मी मधूभावजींच्या गाडीतलं स्पीकरचं खोकं उघडलं आणि तुमची चोरी पकडली.

खरं तर मी त्यांची चोरी पकडायला गेले होते.

तुम्ही गेलात त्यानंतर महिन्याभरानं काशीदला पर्यटक नेताना भावजींच्या गाडीतला, मागच्या सीटखालचा अँप्लिफायर जळला. गाडीत धूर झाला, माणसं दारं उघडून रस्त्यावर उतरली. कुणाला काही झालं नाही, देवाची कृपा! पण दुसऱ्या दिवशी चौल नाक्यावर, आपल्याच कार-साउंडच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून भावजी म्हणाले, "वैनी, काम त्याच्या हातचं हाय. शेवटी शेवटी त्याचं लक्ष नव्हतं."

माझं डोकंच फिरलं. तुमचं लक्ष नव्हतं? चहावाल्यासमोर, रिक्षावाल्यांसमोर मी त्यांना सुनावलं, "आवाज कमी वाटला म्हणून तुम्हीच खोकं उघडलंत, तारा फिरवल्यात, आणि आता गेलेल्या माणसावर ढकलताय!" तुमचा शाळेपासूनचा मित्र. तसाच निघून गेला. मला वाटलं, गप्प बसला म्हणजे यानंच केलंय.

संशय माझ्या रक्तातच आहे, म्हणूनच तर तुम्ही मला दुकानात बसवलंत ना? तुम्ही जोडणी करायची, स्पीकरमधल्या तारेच्या गुंडाळ्यांचा रोध मीटरवर मोजायचा आणि खोक्याच्या आत आकडा लिहायचा, पेन्सिलीनं. मग मला हाक. मी बाहेरच्या टोकांना मीटर लावून पुन्हा मोजायचं आणि शेजारी लिहायचं, पेननं. "बघा, घ्या संशय," असं म्हणून हसायचात. दोन्ही आकडे पटले की स्क्रू आवळायचे आणि त्यांच्यावर माझ्या नेलपॉलिशचा एकेक ठिपका. मागाहून कुणी खोकं उघडलं तर ठिपका तुटतो, आपल्याला कळतं.

अँप्लिफायरवर लिहिलेलं असतं, किती ओहमच्या खाली जायचं नाही. खाली गेलं की आवाज दणकून येतो, गिऱ्हाईक खूश होतं आणि अँप्लिफायर आतल्या आत भाजत राहतो. हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून तुमचा घसा बसायचा. मग ही चूक तुमची कशी असेल?

म्हणून मी निरोप धाडला. गाडी आणा, तुमच्यासमोर उघडते. भावजी आले, हाताची घडी घालून उभे राहिले. मी वाकून बघितलं. आठच्या आठ ठिपके शाबूत! रंगही माझाच, तो डाळिंबी. पण हे ठिपके मी लावले कधी? मला आठवेना.

खोकं उघडलं. आत दोन आकडे होते. तीन पूर्णांक सात, आणि शेजारी पुन्हा तीन पूर्णांक सात. दोन्ही पेन्सिलीनं.

माझा आकडा तर पेननं असतो! बाहेरच्या टोकांना मीटर लावलं. एक पूर्णांक नऊ!

दोन गुंडाळ्या एकापुढे एक जोडल्या की बेरीज होते, शेजारी-शेजारी जोडल्या की आकडा निम्म्यावर येतो. तुम्हीच शिकवलंत. या अँप्लिफायरला निदान चार हवे होते. तुम्ही चार-चारच्या दोन गुंडाळ्या शेजारी-शेजारी जोडल्यात, मोजलीत मात्र जोडण्याआधी, एकच. चारचा स्पीकर मीटरवर थोडा कमी दाखवतोच, म्हणून तुम्हाला पटलंही असेल. बाहेरून मी मोजलं असतं तर तिथंच ओरडले असते!

पण मी होते कुठे? दिघीला, माहेरी. तुमच्या शर्टाच्या खिशात तंबाखूची पुडी सापडली होती. तुम्ही म्हणालात मधूची, मी म्हटलं खोटं बोलताय, आणि अगरदांड्याहून फेरी पकडली. चौथ्या दिवशी तुमचा फोन आला. "शैला, येतेस का? एक काम तुझ्यावाचून अडलंय."

मला वाटलं, मला परत बोलवायचं निमित्त आहे! "अडू दे," म्हटलं आणि फोन ठेवला.

खरंच काम अडलं होतं हो! एकदा तरी सांगायचंत, मधूच्या गाडीचं आहे म्हणून. मी परत आल्यावर तीन आठवडे माझ्यासमोर बसून चहा प्यायलात, तेव्हा तरी बोलायचंत! भीती वाटली का माझी? की माझ्या नावाचा आकडा टाकला म्हणून लाज वाटली? मग एका सकाळी छातीत कळ आली आणि विचारायला माणूसच राहिलं नाही. ठिपके मात्र काय नीट लावलेत, एकही ओघळ नाही. माझ्या कपाटातून बाटली काढताना तुमची कशी धांदल उडाली असेल, ते दिसतंय मला.

ती पुडी कुणाची होती, ते मला अजून कळलेलं नाही. विचारू का भावजींना? नकोच.

सकाळी त्यांना मी काहीच सांगितलं नाही. झाकण लावलं, "उद्या या," म्हटलं. माझ्या चेहऱ्याकडे बघून ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे वैनी. तो माझा पन होता." मला त्यांच्याकडे बघवेना.

म्हणून तुम्हाला शब्द देते. उद्या त्याच पायरीवर, त्याच माणसांसमोर सांगणार आहे की चूक आपल्या दुकानाची होती, भावजींनी हात लावला नव्हता. त्यांची माफी मागणार आहे. मग गुंडाळ्या एकापुढे एक जोडीन, आकडा चारच्या बराच वर जाईल, आवाज थोडा कमी आला तर येऊ दे. माझा आकडा मी पेननं लिहीन. तुमचा लिहिणार नाही, दुसऱ्याच्या नावानं लिहिणं मला जमायचं नाही.

मीटर मधूभावजींच्या हातात देईन, तुमची पेन्सिलही देईन, आणि म्हणेन, "बघा, घ्या संशय."

तुमची,
शैला