माझ्या नावापुढचा दिवा

प्रिय शिऊ-चिन,

माझ्या व्हर्नच्या अंत्यविधीनंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जेवणाची जी भांडी आणून दिली होती, ती काल सगळी परत करून झाली. तळाला चिकटपट्टीवर ज्याचं त्याचं नाव, आत आभाराचं कार्ड. तुझं पातेलं तेवढं राहिलंय. तुझं कार्ड लिहायला बसले, पण ते दोन ओळींत मावेना, म्हणून हे पत्र. मी बरी आहे. जेवते, झोपते. रडू मात्र येत नाही, आणि त्याचीच लोकांना जास्त काळजी. पास्टर म्हणाले, "वेळ लागतो हो, मार्लीस." मी मान हलवली. हल्ली मी कुणी काहीही म्हटलं तरी मान हलवते.

काउंटीच्या रुग्णालयात आपण वीस वर्षं एकत्र काढली, मी वॉर्डात आणि तू रक्ततपासणीच्या खोलीत. तुझा भाऊ तैपेईत डॉक्टर होता आणि त्या तापाच्या साथीत गेला, एवढंच मला माहीत होतं. बाकीचं कळलं ते विधानसभेच्या समितीपुढे तू बोललीस तेव्हा. तीन मिनिटांनी लाल दिवा लागतो म्हणून तू घरी घड्याळ लावून सराव केला होतास. जिनीव्हातल्या जागतिक आरोग्य संघटनेत तैवानला खुर्ची नाही, म्हणून रोगाची माहिती तिकडे फिरत फिरत पोचायची. भाऊ फोनवर म्हणायचा, "ताई, तुमच्याकडे काय छापून आलंय ते वाच ना." आणि तू आपल्या रुग्णालयात आलेली पत्रकं त्याला वाचून दाखवायचीस. अशा फोनच्या नवव्या दिवशी त्याने फोन उचलला नाही. समितीतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, सगळं खरं, पण यात आपल्या राज्याचा काय संबंध?" तू म्हणालीस, "माझ्या भावाला माहिती मिळत होती ती याच राज्यातून."

एका पानाचा तर ठराव. तैवानला तिथे बसू द्या, एवढं आमचं म्हणणं वॉशिंग्टनला कळवायचं. आपल्या काउंटीची आमदार म्हणून त्यावर दुसरी सही माझी होती.

मतदानाच्या आदल्या दिवशी आमच्या पक्षाचा सभागृहातला नेता ऑस्टबी माझ्या टेबलाशी येऊन बसला. "मार्लीस, सोयाबीनवाल्यांचे फोन थांबेनात. आपला माल चीनला जातो, आणि आपण त्यांच्याच डोळ्यात बोट घालायचं? जिनीव्हातल्या खुर्च्या मांडायला का लोकांनी आपल्याला निवडून दिलंय?" तो आणखी जवळ सरकला. "लाल बटण दाबून विरुद्ध मत दे असं मी कुठे म्हणतोय? नुसती चक्कर मारून ये." आमच्याकडे ही जुनी पद्धत आहे. मतदान सुरू झालं की उठायचं, मागच्या खोलीत जायचं, फलकावर प्रत्येकाच्या नावापुढे लागणारे मताचे दिवे विझले की परत यायचं. होही नाही, नाहीही नाही. बावीस वर्षांत मी एकदाही चक्कर मारली नव्हती, आणि मारणाऱ्यांना नावं ठेवण्यात सगळ्यांत पुढे मीच असायचे. पण नोव्हेंबरात निवडणूक होती आणि माझ्या काउंटीत सोयाबीनशिवाय आहे काय? खोटं कशाला बोलू, त्याचं म्हणणं मला निम्मं पटलंही होतं. उरलेल्या निम्म्याला मी घाबरले.

गुरुवारी सकाळी व्हर्न उशांना टेकून बसला होता. त्याच्या हृदयाने कधीच हात टेकले होते, हे तू जाणतेसच. मी म्हटलं, आज राहते घरी. तो म्हणाला, "काही नको. शेजारची आयला येणारच आहे. आज शिऊ-चिनचं काम आहे ना? जा तू." मी गेले.

दुपारी अडीचला मतदानाची घंटा झाली. मी फोन टेबलावरच ठेवला आणि उठले. मागच्या खोलीत चर्चच्या बायका दर गुरुवारी फळांचं सारण भरून भाजलेले गोड 'पाय' विकतात. मी सफरचंदाच्या 'पाय'चा एक तुकडा घेतला आणि कडा वेगळ्या करून सावकाश खाल्ला. चव चांगली होती, ती अजून आठवते याचाच मला राग येतो. आतून अध्यक्षांचा आवाज आला: चौतीस बाजूने, चौतीस विरुद्ध, ठराव नामंजूर. परत जागेवर आले तेव्हा फोनवर आयलाचे सात कॉल होते. वर प्रेक्षकांच्या सज्जात तू बसली होतीस, तिकडे मी पाहिलंही नाही. नव्वद मैल गाडी चालवत घरी पोचले, तोवर त्याचे हात गार झाले होते.

माझ्या नावापुढचा दिवा लागला नाही हे तू वरून पाहिलंस, संध्याकाळी व्हर्न गेल्याचं ऐकलंस, आणि तुझ्या मायेने दोन्हींची सांगड घातली. चर्चमध्ये माझे हात धरून म्हणालीस, "वेडे, बरं केलंस त्याच्याजवळ गेलीस. ठराव काय, पुढच्या वर्षी आणू." मी मान हलवली. तू गावभर तेच सांगितलंस. आयलाला वाटलं, दुःखात कशाला बोला, म्हणून तीही गप्प राहिली. मी कुणाचंच बोलणं खोडलं नाही.

परवा तैपेईहून तुझ्या भावजयीचं पत्र आलं. खाली तुझ्या अक्षरात भाषांतर होतं: 'तुम्ही मत सोडून नवऱ्याचा हात धरलात, याचं मला जराही वाईट वाटत नाही. मला वॉर्डाच्या दारातूनही आत सोडलं नव्हतं. तुम्हाला ते मिळालं, याचा आनंद आहे.' शिऊ-चिन, हे वाचूनही मला रडू आलं नाही. मी उठून भांडी घासली. पण हे पत्र मी ठेवून घेऊ शकत नाही, ते यासोबत परत पाठवते आहे. ठराव पुढच्या वर्षी माझ्याकडे दे किंवा देऊ नकोस, मी जागेवर बसून हिरवं बटण दाबेन. तू माझ्याशी बोललीस, नाही बोललीस, तरीही. तुझ्या भावजयीला मात्र खरं काय ते कळव. त्या दुपारी व्हर्न मला हाका मारत होता, असं आयला सांगते. तू सभागृहात आणि तो घरी, तुम्ही दोघं मला जिथे शोधत होतात, त्यातल्या एकाही ठिकाणी मी नव्हते.

तुझीच, अजून तसं म्हणू देशील तर,
मार्लीस